मी सल्फाइट म्हणाले होते

१२ ऑगस्ट

आज शाळेत नवी पुस्तकं आली आणि माझी सगळी नोकरी एका दुपारी रद्दीत निघाली.

मुख्याध्यापकांनी विज्ञानाच्या शिक्षकांना बोलावून सांगितलं की या वर्षीपासून दहावीला रसायनांची नावं इंग्रजी वळणाची, जगभर चालतात तशी. म्हणजे ज्याला मी जन्मभर नात्री क्लोरुआ म्हणत आले, ते मीठ आता सोडियम क्लोराइड. गंमत पुढेच आहे. धातू एकटा असेल तर त्याला घरच्या नावाने हाक मारायला परवानगी आहे. नात्रीला नात्री, लोखंडाला लोखंड. पण तो कुणाशी जोडला गेला, त्याचं संयुग झालं, की लगेच परकं नाव!

मी उभी राहून विचारलं, "आपल्याकडे लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. मग नात्रीनेच काय पाप केलंय?"

सगळे हसले. इंग्रजीचे लुआनसर सगळ्यांत मोठ्याने. ते तिथे कशाला बसले होते मला कळेना. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध एवढाच की कॉफीत गोड दूध इतकं घालतात की त्यात आणखी काही विरघळणं शक्य नसतं. शेवटी उलगडा झाला. दर बुधवारी दुपारी ते आम्हाला नव्या नावांचे उच्चार शिकवणार आहेत. मला! साडेक तालुक्यातल्या निम्म्या डॉक्टरांना मी रसायन शिकवलंय.

घरी आले तेव्हा आई ओसरीवर कमळाच्या बिया सोलत बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे आता माशात मी काय घालायचं?" तिने विचारलं.

"मीठच, आई."

"मग तोंड कशाला पाडून बसलीस?"

मुदतीआधी निवृत्ती मिळते का, ते एकदा विचारायला हवं.

७ सप्टेंबर

उच्चारांचा पहिला वर्ग. लुआनसरांचं म्हणणं असं की आपण सगळे शब्दांचे शेवट गिळतो. आपल्या भाषेत ते चालतं, नव्या नावांत चालत नाही, कारण तिथे अर्थच शेवटात असतो. त्यांनी प्रत्येकाला कागदाची एक पट्टी दिली. ती ओठांसमोर धरायची आणि 'सल्फेट' म्हणायचं. शेवटच्या 'ट'ला पट्टी हलली तर पास.

जीवशास्त्राच्या दोघींची हलली. भौतिकवाल्याची हलली. माझी ढिम्म.

"थोआबाई, तुमचा ट पोटातच राहतोय."

"माझं पोट, माझा ट."

पुन्हा हशा. माणूस छप्पन्न वर्षांचा आहे, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, फुलांच्या वाडीत थोरल्या भावाबरोबर राहतो आणि शेवंती लावतो. सदऱ्याचं वरून दुसरं बटण तुटलेलं आहे. मी मुद्दाम पाहिलं नाही. तोंडापुढे पट्टी धरली की नजर तिथेच जाते.

१५ सप्टेंबर

आज बंध शिकवला. हा धडा मी कितीही वेळा शिकवीन.

येन आणि डांगला पुढे बोलावलं. येन झाली नात्री, डांग झाला क्लोर. येनच्या हातात एक पेरू दिला, डांगच्या कवेत सात. सांगितलं, हे तुमच्या अंगणातल्या सगळ्यांत बाहेरच्या ओट्यावरचे इलेक्ट्रॉन. ओटा भरायला आठ लागतात. येनचा ओटा भरायचा तर सात मिळवायला हवेत, त्यापेक्षा हातातला एक देऊन टाकला की आतला भरलेला ओटाच बाहेरचा होतो. डांगला फक्त एकाची भूक. येनने पेरू दिला. दिला म्हणून ती धन झाली, घेतला म्हणून तो ऋण झाला, आणि आता दोघं एकमेकांना ओढून धरणार. डांग आठ पेरू छातीशी धरून मागे सरकत होता, येन त्याच्या मागे. वर्ग लोळत होता.

"बाई, मग यांची जोडी पक्की?" मागून कुणीतरी.

"मिठात जोड्या नसतात रे. प्रत्येक नात्रीभोवती सहा क्लोर, प्रत्येक क्लोरभोवती सहा नात्री. तिथे सगळी गल्लीच सोयरी असते."

अशा रंगात आलेले असताना मी फळ्यावर वळले आणि सवयीने म्हणाले, "तर हे झालं नात्री क्लोरुआ."

अख्खा वर्ग एका सुरात, "सोडियम क्लोराइऽऽऽड, बाई!"

आजवर मला कुणी दुरुस्त केलं नव्हतं. मी डस्टर शोधत बराच वेळ फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. डस्टर हातातच होतं.

२१ सप्टेंबर

पट्टी हलली. पंखा चालू होता.

३० सप्टेंबर

लुआनसर आज न विचारता माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. मुख्याध्यापकांनी पाठवलं असणार, मी किती वेळा चुकते ते मोजायला. मी अजिबात भाव दिला नाही. फक्त फळ्यावर अक्षर जरा सुवाच्य काढलं.

तास संपल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीत गाठलं त्यांनी. उच्चारांबद्दल एक शब्द नाही. म्हणे, सोडियम एवढ्या सहज देऊन कसा टाकतो? मी टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोटाने वर्तुळं काढून दाखवली. बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब असतो, पकड ढिली असते.

मग विचारतात, "आणि असे कुणी आहेत का, जे कुणाला देत नाहीत आणि कुणाकडून घेत नाहीत?"

"आहेत की. निऑन, आर्गॉन. त्यांचा ओटा आधीच भरलेला. निष्क्रिय वायू म्हणतात."

"त्यांना एकटं वाटत नाही?"

मी त्यांना बजावलं की अणूंना काही वाटत नसतं, आणि मुलांसमोर असं बोलू नका, त्यांच्या डोक्यात चुकीच्या कल्पना बसतात. त्यांनी कॉफीत आणखी एक चमचा गोड दूध घातलं. बहुतेक मुद्दा पटला.

१४ ऑक्टोबर

लुआनसर पुन्हा शेवंतीची कुंडी घेऊन आले. वाडीत जास्तीची झाली होती म्हणे. ही तिसरी.

"दर पंधरवड्याला इतकी उरते," आई म्हणाली, "तर त्याचा धंदा बुडायला आलाय. जेवायला बसव बिचाऱ्याला."

तांदळाच्या शेवया आणि डुकराच्या हाडांचा रस्सा होता. दोन वाट्या संपवल्या. आईने त्यांचं वय, पगार, रक्तदाब, भावाशी पटतं का, सगळं विचारून घेतलं. म्हाताऱ्या माणसांना कुतूहल फार. ते तिला 'काकू, काकू' करत होते, आणि निघताना म्हणाले, "आई, रस्सा फार छान होता." शब्दांच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस, आणि जीभ घसरली.

जेवताना त्यांनी पहिल्यांदाच एक शहाणा प्रश्न विचारला. शेवट वेगवेगळे का असतात? मी चॉपस्टिकच्या टोकाने ताटलीत बिया मांडून दाखवल्या. गंधक ऑक्सिजनशिवाय धातूशी जोडला गेला तर सल्फाइड. त्याच्यासोबत तीन ऑक्सिजन असले तर सल्फाइट. चार असले तर सल्फेट. शेवट ऐकला की आत किती माणसं राहतात ते कळतं.

"म्हणजे दारावरच्या पाटीसारखं," ते म्हणाले.

हे मला आजवर सुचलं नव्हतं. मी उद्या वर्गात वापरीन. त्यांचं नाव सांगायची गरज नाही.

२ नोव्हेंबर

अठराला प्रांताच्या शिक्षण खात्याची समिती माझा नमुना पाठ बघायला येणार. नव्या नावांसह संपूर्ण पाठ, प्रयोगासकट. नीट पार पडला तर आमच्या शाळेचा पाठ सगळीकडे दाखवतील. बिघडला तर विभागप्रमुखपद जाईल, आणि खरं सांगायचं तर मग मीच शाळेत राहणार नाही.

प्रयोग ठरवला: सोडियम सल्फाइटच्या द्रावणात आम्ल टाकायचं, त्यातून निघणाऱ्या वायूत लाल गुलाबाची पाकळी धरायची. रंग उडून ती पांढरी पडते. मुलं दर वर्षी 'आऽऽ' करतात.

गुलाब लुआनसर आणणार. "दोन डझन पुरतील?" विचारत होते. म्हटलं, एक पाकळी पुरे.

१७ नोव्हेंबर

सगळी तयारी झाली. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या तामला मी जिन्यावरून खणखणीत आवाजात सांगितलं, "उद्यासाठी सोडियम सल्फाइटचं द्रावण करून ठेव!" शेवट असा काढला की लुआनसरांनी ऐकायला हवा होता. ताम खालून "हो बाई" म्हणाली.

पांढरा आव दाय इस्त्री करून ठेवला, पायघोळ अंगरखा आणि विजार दोन्ही. आई म्हणते दंडावर घट्ट होतोय. होत नाहीये.

१८ नोव्हेंबर

काय लिहू.

समितीचे पाच जण पहिल्या रांगेत. पाठ उत्तम चालला होता. दारावरच्या पाटीवर तर एक अधिकारी हसलेसुद्धा. मग प्रयोग. पाकळी दोऱ्याने टांगली, चंबूत तामने केलेलं द्रावण होतं, वरून आम्ल सोडायला लागले आणि पहिल्याच वासाला माझा हात तोटीवर गेला. सडकी अंडी. सल्फाइटला हा वास येत नाही. हा सल्फाइडचा, आणि त्यातून निघतो तो वायू नुसता घाण नसतो, विषारी असतो.

आम्लाची तोटी बंद केली, चंबूत कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओतलं, आणि ओरडले, "सगळे बाहेर! पळू नका, चालत! खिडक्या उघडा!" मुलं शहाण्यासारखी रांगेत गेली. समितीतले जाडे गृहस्थ मात्र रांगेच्या आधीच दारात होते.

सगळे मोकळ्यावर आल्यावर येन म्हणाली, "बाई, गरगरतंय." तिला दवाखान्यात नेलं. ती खाटेवर पडून होती तोवर मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. नवी नावं, जुनी नावं, विभागप्रमुखपद, कशाकशाचं काही वाटत नव्हतं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले, सकाळपासून उपाशी होती, समिती येणार म्हणून घाबरलेली, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर तिने दोन ग्लास उसाचा रस प्यायला आणि मला म्हणाली, "बाई, पाकळी लालच राहिली."

शाळेत परतले तर लुआनसर व्हरांड्यात दोन डझन गुलाब घेऊन उभे. त्यांना आणायला एकच सांगितला होता.

द्रावणाच्या बाटलीला लेबल होतं. तामनेच नवं लावलेलं, सोडियम सल्फाइड. मी ते वाचलंही होतं. जे वाचायचं ठरवलं होतं तेच वाचलं. फरक एका अक्षराचा.

१९ नोव्हेंबर

मुख्याध्यापकांनी बोलावलं. समितीला खुलासा द्यायचा आहे. त्यांनी मसुदा करून ठेवला होता: प्रयोगशाळा सहायिकेने चुकीचं रसायन दिलं.

"तामचा करार तसाही डिसेंबरला संपतो," ते म्हणाले. "तुमची मात्र एवढी वर्षं आहेत, थोआबाई. शाळेचं नाव आहे."

"मी सल्फाइट म्हणाले होते," मी म्हणाले.

"तेच तर. तुम्ही बरोबर, ती चूक. सही करा."

सही केली नाही, उद्या बघते म्हणून उठले. पण इथे खोटं कशाला लिहू? दुपारभर मला त्या मसुद्याने बरं वाटत होतं.

संध्याकाळी ताम घरी आली. आईने तिला बिया सोलायला बसवलं, म्हणून तिला बोलता आलं.

"बाई, तुम्ही सल्फाइड म्हणालात. किंवा नसाल म्हणालात. मला दोन्ही एकच ऐकू येतं. सुनफाय आणि सुनफाय. तुम्ही पूर्वी जुन्या नावांनी सुनफुआ म्हणायचात नाहीतर सुनफित म्हणायचात, तेव्हा कधी चुकले होते का मी?"

चुकली नव्हती. एकदाही.

"मग पुन्हा विचारायचं नाहीस?"

"तुम्हाला? जिन्यावर इतक्या ऐटीत उभ्या होतात! काय विचारणार?"

आई बियांमध्ये तोंड घालून हसत होती.

२० नोव्हेंबर

आज आपल्याकडचा शिक्षक दिन. मुलांनी फुलं दिली. येनने पेरू दिला, एकच. मी मुख्याध्यापकांना सांगितलं की सही करणार नाही, समितीसमोर स्वतः जाईन. ते म्हणाले, तोंडघशी पडाल. मी म्हटलं, पडून झालंय.

२५ नोव्हेंबर

समितीची बैठक प्रांताच्या मुख्य गावी, काव लान्हला होती. निघायच्या वेळी माझ्या स्कूटरची किल्ली सापडेना, म्हणून लुआनसरांच्या गाडीवर मागे बसून जावं लागलं. (संध्याकाळी किल्ली आईच्या बियांच्या टोपलीत निघाली. वय झालं तिचं.)

खोलीत तेच पाच जण. जाडे गृहस्थ खिडकीजवळ बसले होते. अध्यक्षबाई म्हणाल्या, "खुलासा लेखी हवा होता."

"लेखीच करू या," मी म्हणाले. "कागद घ्या सगळ्यांनी. आमचे इंग्रजीचे सर दहा नावं वाचतील. तुम्ही फक्त ऐकलं ते लिहायचं."

एकमेकांकडे बघत त्यांनी पेनं काढली. लुआनसर उभे राहिले. त्यांच्या तोंडासमोर कागदाची पट्टी धरली असती तर भोकं पडली असती, इतके स्वच्छ शेवट. सल्फाइड. सल्फाइट. नायट्रेट. नायट्राइट. क्लोराइड. क्लोराइट. असे दहा.

मग कागद तपासले. मी तपासले, शिक्षिकाच आहे. एकाला तीन बरोबर, दोघांना चार, अध्यक्षबाईंना सहा. जाड्या गृहस्थांनी सहा ठिकाणी एकच शब्द लिहिला होता.

"हे सर सल्फेटच म्हणाले!" ते उसळले.

"नाही म्हणालो," लुआनसर नम्रपणे.

"मी ऐकलं ना!"

"तेच सांगायला आलेय," मी म्हणाले. "पुस्तकातली नावं चांगली आहेत. शेवटावरून आत काय आहे ते कळतं, ते मला आवडायला लागलंय. पण आपले कान त्या शेवटांना अजून सरावलेले नाहीत. तामने जे ऐकलं ते तुम्हीही ऐकलंत. चूक असेल तर माझी, मी ओरडून मागितलं आणि लेबल नीट बघितलं नाही. ती ओळ तामच्या नावावर जाणार नाही."

मग अध्यक्षबाई हसायला लागल्या, आणि त्यांना थांबताच येईना. जाडे गृहस्थही शेवटी हसले, पण कागद उलटा करून ठेवूनच.

ठरलं ते असं: रसायन तोंडी मागायचं नाही. सूत्र लिहून द्यायचं, देणाऱ्याने लेबल मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि बाटलीवर काही वर्षं जुनं नावही राहू द्यायचं. आधी आमच्या शाळेत, जमलं तर प्रांतभर. माझा पाठ मार्चमध्ये पुन्हा.

परत येताना लुआनसर म्हणाले, "शेवटपर्यंत नीट बोललं तरी ऐकणाऱ्याच्या कानाला सवय नसेल तर काय उपयोग? मी सप्टेंबरपासून बोलतोय."

मी म्हटलं धीर सोडू नका, सोपे शब्द वापरा, पुन्हा पुन्हा म्हणा. सगळेच शिकतात हळूहळू.

"बरं," ते म्हणाले. पुलावर त्यांनी गाडी हळू केली आणि काहीतरी विचारलं. वाऱ्यात एक अक्षर कळलं नाही. उच्चारांबद्दलच असणार, म्हणून मी "हो, हो" म्हटलं. त्यानंतर ते घरापर्यंत शीळ घालत होते.

१० डिसेंबर

तामचा करार वाढला. मुख्याध्यापक म्हणतात ते आधीपासून तिच्याच बाजूने होते.

आईने माझ्यासाठी नव्या आव दायचं कापड आणलं, गुलाबी. विचारलं कशाला, तर म्हणते सणाला. सणाला मी कधी गुलाबी घातलंय? लुआनसरांच्या सदऱ्याचं बटण मात्र अजून तुटलेलंच होतं. आज प्रयोगशाळेत सुई-दोरा होता, लावून टाकलं. ताम खोकत खोकत बाहेर गेली. वायू कुठे गळत नाही ना ते तपासलं. गळत नव्हता.

३ जानेवारी

लुआनसरांनी विचारलं, "अठ्ठावीसचं लक्षात आहे ना?" कुठली अठ्ठावीस? तर म्हणे चांद्रमहिन्यातली, नववर्षाच्या तोंडावरची. फुलांच्या बाजारात त्यांच्याबरोबर बसायला मी पुलावर हो म्हटलं होतं. दोनदा.

हो म्हटलं असेन तर जायला हवं. दिलेला शब्द आहे.

१९ जानेवारी

आज ती चांद्र अठ्ठावीस. पहाटे आम्ही दोघं होडीतून वाडीत गेलो. पाण्यावरच्या मांडवांवर शेवंतीच्या कुंड्यांच्या रांगाच रांगा. लुआनसर एकेक उचलून होडीत ठेवत होते आणि मी मोजायचं सोडून नुसती बघत बसले. नवा गुलाबी आव दाय दंडावर अजिबात घट्ट नाही.

बाजारात उभं राहायला जागा नव्हती. माझे जुने विद्यार्थी सारखे येत होते. दाताचा डॉक्टर झालेला एक जण म्हणाला, "बाई, मिठात सहा सहा, अजून आठवतंय." त्याने चार कुंड्या घेतल्या. लुआनसर मागे बसून रोपांना बांबूच्या काड्या बांधत होते. मी विकत होते, आणि ते मला फार छान जमत होतं.

दुपारी एक अनोळखी बाई आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागे काड्या बांधणाऱ्यांकडे, आणि म्हणाली, "वहिनी, लाल नको, ती पिवळी जोडी द्या."

मागच्या काड्या बांधायच्या थांबल्या.

मी तोंड उघडलं. लोकांनी चुकीचं नाव घेतलं की मला राहवत नाही, जन्माची सवय आहे. पण तिच्यामागे आणखी चौघे खोळंबले होते, आणि पिवळी जोडी खरंच सुरेख होती. ती उचलून तिच्या हातात दिली.